उपाशी दगडावरची फुले : नायगाराचा कडा, बेळगावातून पाहताना

गोकाकच्या धबधब्याला ‘कर्नाटकाचा नायगारा’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. घटप्रभा नदी येथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे आणि पावसाळ्यात लालसर गढूळ पाण्याचा पडदा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरतो, त्यामुळे ही तुलना सुचणे स्वाभाविक आहे. मात्र ती करताना आपण पाण्याकडे पाहतो आणि दगडाकडे पाहायचे राहून जाते. नायगाराचे पाणी ज्या कड्यावरून पडते तो कडा धबधब्यापाशी संपत नाही. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातून निघून तो कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात शिरतो, तेथे क्वीन्स्टनपासून टोबरमोरीपर्यंत ७२५ किलोमीटर धावतो, पुढे मॅनिटुलिन बेटावर डोके वर काढतो आणि मिशिगनमार्गे विस्कॉन्सिनपर्यंत वळसा घेत जातो. जगप्रसिद्ध धबधबा म्हणजे या लांबलचक भिंतीला एका नदीने पाडलेली खाच आहे. ऑन्टॅरिओतील या कड्याला युनेस्कोने १९९० साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, तो धबधब्यासाठी नव्हे, तर कड्यावर आणि कड्याखाली एकमेकांना लागून असलेल्या निरनिराळ्या अधिवासांसाठी आणि त्यांत टिकून राहिलेल्या वनस्पतींसाठी.

आता प्रश्न असा की एकाच जातीच्या दगडाच्या एका धारेवर इतके वेगवेगळे अधिवास का तयार व्हावेत, आणि त्यांत दुर्मिळ झाडेच का राहावीत? उत्तरासाठी आधी हा कडा कसा घडला ते समजून घेतले पाहिजे.

सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्रज्ञ ज्याला सिल्युरियन कालखंड म्हणतात त्या काळात, उत्तर अमेरिकेचा हा भाग विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उथळ, उबदार समुद्र होता. त्या समुद्रात प्रवाळ आणि शिंपल्यांचे जीव वाढले, मेले, त्यांचे चुन्याचे सांगाडे तळाशी साचले आणि त्यांची चुनखडी झाली. पुढे खारट पाण्यातील मॅग्नेशियमने चुनखडीतील काही कॅल्शियमची जागा घेतली आणि मूळ दगडाचे अधिक टणक अशा डोलोमाइटमध्ये रूपांतर झाले. या टणक थराच्या खाली मात्र समुद्रतळावरील चिखल थिजून झालेला, बोटाने पापुद्रे सुटावेत इतका ठिसूळ दगड आहे, त्याला शेल म्हणतात. पाऊस, हिवाळ्यातील बर्फ आणि वाहते पाणी या खालच्या शेलला भराभर खाते, वरचा डोलोमाइट मात्र तसाच राहतो आणि घराच्या वळचणीसारखा पुढे येतो. आधार सुटला की वळचणीचा तुकडा तुटून खाली पडतो, भिंत पुन्हा उभी सरळ होते आणि तीच क्रिया पुन्हा सुरू होते. त्यामुळे कडा झिजतो, पण त्याचा उभा उतार मोडत नाही. तो फक्त मागे सरकतो. नायगाराचा धबधबा गेल्या साधारण १२ हजार वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे सरकला आहे. हा कडा जमीन खचून किंवा भूकंपाने फाटून झाला असावा असा अनेकांचा समज असतो, पण तसे नाही. तो केवळ दोन थरांच्या असमान झिजेने उभा राहिलेला आहे.

गोकाकचा कडा याच्याहून कितीतरी जुना आहे. कलादगी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकमालेतील तो वालुकाश्म आणि क्वार्टझाइटचा, म्हणजे वाळूचा दगड आहे, आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. चुनखडीचे थरही याच खडकमालेत आहेत, फक्त ते गोकाकपासून पूर्वेला यादवाड, लोकापूर, बागलकोट या पट्ट्यात दिसतात, आणि त्या भागात सिमेंटचे कारखाने का उभे राहिले याचे कारणही तेच. म्हणजे सामग्री आपल्याकडे आहे, पण चुनखडीची सलग उभी भिंत नाही. ती असती तर काय झाले असते हे समजण्यासाठी नायगाराकडे पाहावे लागते.

चुनखडी आणि डोलोमाइट हे दगड पाण्यात विरघळतात. पावसाचे थेंब हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतात आणि दगडातील भेगा हळूहळू रुंद करतात. परिणामी पाऊस पुष्कळ झाला तरी पाणी वर थांबत नाही. भेगांतून आत उतरते, दगडाच्या पोटातून वाट काढते आणि शेलच्या थराशी अडून कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे माथा कोरडा आणि पायथा ओला अशी विभागणी आपोआप होते. त्यात कड्याची दिशा मिसळते. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत उन्हात तापते, उत्तरेकडची भिंत वर्षभर थंड राहते. याशिवाय उंची, वारा, सावली आणि मातीची जाडी काही पावलांच्या अंतराने बदलत जाते. सपाट प्रदेशात असा बदल पाहायला शेकडो किलोमीटर जावे लागते.

माथ्यापासून सुरुवात करू. टोबरमोरी ज्याच्या टोकाला आहे त्या ब्रूस द्वीपकल्पावर आणि मॅनिटुलिन बेटावर कड्याचा माथा जवळजवळ सपाट असून त्यावर मातीचा थर कुठे चार बोटे तर कुठे तोही नाही. अशा उघड्या चुनखडीच्या माळाला स्वीडनच्या भाषेतून आलेले ‘अल्वार’ हे नाव आहे. वसंतात तो पाण्याखाली असतो, उन्हाळ्यात करपतो आणि हिवाळ्यात गोठतो. मोठ्या वृक्षाची मुळे येथे धरत नाहीत, त्यामुळे सावली नाही, आणि सावली नाही म्हणून लहान, सावकाश वाढणाऱ्या, उन्हाला चिवट अशा वनस्पतींना जागा मिळते. लेकसाइड डेझी हे पिवळे फूल जगात मोजक्याच ठिकाणी उरले आहे आणि त्याचा मोठा वाटा या दोन ठिकाणच्या अल्वारांवर आहे. सरोवरकाठच्या चुनखडीच्या वाळूत उगवणारा वीतभरही उंची नसलेला निळा आयरिसही असाच केवळ अमेरिका-कॅनडा सीमेवरील महासरोवरांच्या (ग्रेट लेक्स) परिसरात सापडतो, जगात अन्यत्र नाही.

अल्वारमधील भेगा हा स्वतंत्र अधिवास मानावा लागतो. बाहेर दगड तापलेला असताना दोन हात खोल भेगेत गारवा असतो, तळाशी पानांचा कुजका थर असतो आणि तेथे नेचे वाढतात. भर उन्हातल्या खडकावर उभे राहून पायाखालच्या फटीत गर्द जंगलातले नेचे पाहायला मिळतात.

धारेवरून खाली वाकले की खरा कडा सुरू होतो. या उभ्या भिंतीवर काहीच नसेल असे वाटते आणि बराच काळ वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तसेच गृहीत धरले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ग्वेल्फ विद्यापीठातील डग लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंतीवर वाकडीतिकडी वाढलेली पांढऱ्या सिडारची, म्हणजे एका सूचिपर्णी वृक्षाची, खुजी झाडे तपासली. जेमतेम माणसाच्या उंचीची ही झाडे शंभरेक वर्षांची असावीत असा अंदाज होता. खोडातील वलये मोजली तेव्हा त्यांतील काही हजार वर्षांहून अधिक वयाची निघाली. वलये इतकी बारीक होती की ती सूक्ष्मदर्शकाखालीच मोजता येत होती. ज्या प्रदेशातील जंगले गोऱ्या वसाहतकारांनी शेतीसाठी आणि लाकडासाठी जवळजवळ साफ केली, त्याच प्रदेशात, महामार्गांपासून आणि कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर, पूर्व उत्तर अमेरिकेतील सर्वात जुन्या वनांपैकी एक वन उभे होते. ते सुटले याचे कारण साधे आहे : त्या लाकडाचा कोणाला उपयोग नव्हता आणि तेथवर कुऱ्हाड पोहोचत नव्हती. वणवाही उघड्या दगडावरून चढू शकत नव्हता.

या सिडारच्या जगण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सर्वसाधारण झाडात कोणत्याही मुळाने शोषलेले पाणी खोडातून बऱ्याच अंशी सगळ्या फांद्यांना वाटले जाते. कड्यावरच्या सिडारमध्ये एकेक मूळ खोडाच्या एकेका उभ्या पट्ट्याला आणि त्या पट्ट्यावरच्या फांद्यांनाच पाणी पुरवते. दरड तुटून एखादे मूळ उघडे पडले तर तेवढाच पट्टा वाळतो, बाकीचे झाड जगते. म्हणून अनेक म्हाताऱ्या सिडारचे खोड तीन बाजूंनी मेलेले आणि एका बाजूने हिरवे दिसते. वेगाने वाढणे हे येथे सामर्थ्य ठरत नाही, उलट जड झालेले झाड स्वतःच्या वजनाने भेगेतून निसटते. हळू वाढणारेच टिकतात. सिडारच्या आसपास दगडफुले आणि शेवाळ असते, आणि दगडाच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, प्रकाश जेमतेम झिरपतो तेथे, खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत राहणाऱ्या शैवालांचा आणि नीलहरित जीवाणूंचा हिरवा पट्टा असतो. दगड फोडल्याशिवाय तो दिसतही नाही.

भिंतीच्या पायथ्याशी तुटलेल्या शिळांचा ढीग आहे. त्यावर शुगर मॅपलची दाट सावली, शिळांच्या फटींतून येणारी थंड हवा आणि चुन्याने समृद्ध ओलसर माती असा योग जुळून येतो. अमेरिकन हार्ट्स टंग हा नेचा याच योगावर अवलंबून आहे. इतर नेच्यांप्रमाणे त्याची पाने कातरलेली नसतात, ती जिभेसारखी लांब व अखंड असतात. युरोपात त्याचा भाऊबंद भिंतींवर, विहिरींत सर्रास उगवतो, पण अमेरिकन प्रकाराच्या पेशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट आहे आणि तो मोजक्याच ठिकाणी आढळतो. त्याची बहुसंख्य झाडे ऑन्टॅरिओतील या कड्याच्या सावलीत आहेत. वरचे मॅपल तोडले आणि ऊन आत आले की चुना, ओल, शिळा सारे जागेवर असूनही तो नाहीसा होतो.

आणि मग येते ते झऱ्यांचे पाणथळ. चुन्याचे पाणी जेथे जमिनीवर पसरते तेथे पाण्यात फॉस्फरस असूनही झाडांना मिळत नाही, कारण कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. जमीन ओली, उन्हात उघडी, पण अन्नाच्या दृष्टीने उपाशी. गवत आणि झुडपे अशा जागी मंदावतात आणि मांसाहारी वनस्पती पुढे येतात. ब्रूस द्वीपकल्पाच्या पाणथळांत घटपर्णी आहे, अरुंद पानांची ड्रॉसेरा आहे आणि पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया आहे. कीटक पकडून, पचवून त्या हवी ती पोषणद्रव्ये मिळवतात.

या ठिकाणी बेळगावच्या वाचकाला ओळखीचे काहीतरी दिसायला हवे. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाताना कणकुंबी, पारवाड, चिगुळे या भागात जांभ्या दगडाचे सडे आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या सड्यांवर पाण्याचा पातळ थर वाहत असतो आणि त्यात तीच दोन कुळे भेटतात : चिकट केसांनी कीटक धरणारी दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा, आणि जांभळ्या फुलांची सीतेची आसवे म्हणजे युट्रिक्युलेरिया. दगड पूर्णपणे उलट स्वभावाचा आहे. चुनखडी अल्कधर्मी, जांभा आम्लधर्मी. तिथे कॅल्शियम, इथे लोह आणि ॲल्युमिनियम. तरीही जांभ्यातील लोह-ॲल्युमिनियमची संयुगे फॉस्फरसला तितक्याच घट्टपणे बांधून ठेवतात. रसायन वेगळे, उपासमार एकच, आणि त्या उपासमारीवर दोन खंडांत एकाच कुळांतील वनस्पतींनी शोधलेला उपायही एकच. मला या सगळ्या विषयातील सर्वात बोलका भाग हाच वाटतो, कारण दुर्मिळ वनस्पतींच्या प्रश्नाचे उत्तर येथे उघडे पडते. या वनस्पती अशा जागा ‘पसंत’ करतात असे म्हणणे चुकीचे आहे. मांसाहारी जाती सोडल्या तर दुर्मिळ वनस्पतींपैकी अनेक बागेतल्या कुंडीत, चांगल्या मातीत, अधिक जोमाने वाढू शकतात. पण चांगल्या मातीत त्यांच्या शेजारी उंच गवत, वेली आणि वृक्षही वाढतात आणि त्यांना झाकून टाकतात. उपाशी दगडावर हे प्रतिस्पर्धी पोहोचत नाहीत. कडा, सडा, भेग, चुन्याचे पाणथळ ही सगळी आश्रयस्थाने आहेत, आणि आश्रय श्रीमंतीचा नसून गरिबीचा आहे.

काही जातींच्या दुर्मिळतेला इतिहासही कारण आहे. हिमयुगाच्या अखेरीस, बर्फ उत्तरेकडे हटला तेव्हा, ऑन्टॅरिओची जमीन बराच काळ उघडी, थंड आणि झाडाविना होती आणि तिच्यावर उघड्यावर वाढणाऱ्या वनस्पती पसरलेल्या होत्या. पुढे जंगल आले, सावली पडली, आणि त्या वनस्पती कड्यांवर आणि अल्वारांवर तेवढ्या उरल्या. आश्रयस्थाने सुटी सुटी, मध्ये जंगल आणि शेती. अशा वेळी एका आश्रयस्थानातले परागकण दुसऱ्यात जात नाहीत. लेकसाइड डेझीचे फूल स्वतःच्या किंवा स्वतःसारख्याच जनुकांच्या झाडाच्या परागांनी फळत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात तिचा एक शेवटचा समूह असा उरला होता की त्यातील सारी झाडे परस्परांना अफल होती. ती फुलत होती, पण बी धरत नव्हती. ओहायोतील झाडांशी संकर केल्यावरच बी मिळाले. समूह डोळ्यांना जिवंत दिसतो म्हणून तो सुरक्षित आहे असे समजता येत नाही.

संरक्षणाचा भाग थोडक्यात सांगता येईल. ऑन्टॅरिओने १९७३ साली या कड्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९८५ साली आराखडा मंजूर झाला. आराखड्याने जमिनीची वर्गवारी केली : कड्याची भिंत आणि लगतचे जंगल सर्वात कडक वर्गात, त्याभोवती संरक्षक पट्टा, त्याबाहेर ग्रामीण क्षेत्र, आणि दगडखाणींसाठी वेगळा वर्ग. यातील बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मालकी काढून घेतलेली नाही, पण घर बांधायचे, भराव टाकायचा किंवा तळे खणायचे झाले तर कड्यासाठीच्या आयोगाची परवानगी लागते. जमीनमालकांना हे आवडते असे नाही, आणि वादही चालूच असतात. टोरंटोच्या रस्त्यांसाठी आणि इमारतींसाठी खडी हवी असते, डोलोमाइट उत्तम खडी देतो, आणि शहराला सर्वात जवळचा डोलोमाइट याच कड्यात आहे. दुसरा त्रास सौम्य दिसतो, पण सौम्य नाही : दोर लावून कडे चढणाऱ्यांनी चढाईच्या वाटेवरील शेवाळ, माती आणि खुजे सिडार काढून टाकले, आणि अशा वाटांवर वनस्पती लक्षणीय प्रमाणात कमी आढळल्या. हजार वर्षांचे झाड दिसायला झुडूप असते, हीच त्याची अडचण.

आपल्याकडे खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या जाहीर होण्यामागे बारापेडे गुहांतील रॉटनच्या वटवाघळाचा मोठा आधार होता, ज्याचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले आणि जे दीर्घकाळ या गुहांपलीकडे कोठेच माहीत नव्हते. जंगल आणि गुहा यांना ओळख मिळाली. उघड्या सड्यांना ती अजून मिळालेली नाही. वृक्षाच्छादन मोजणाऱ्या नजरेला सडा म्हणजे पडीक जमीन दिसते, आणि पडीक जमीन दिसली की तिच्यावर खड्डे घेऊन अकेशिया किंवा निलगिरी लावण्याची इच्छा होते. जांभ्याचे चिरे काढायलाही हीच जमीन सोपी. एका फोडशीच्या भाऊबंदाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘बेळगावमेन्स’ हे जातिनाम या शतकात दिले आहे, म्हणजे या परिसरातील नवी नोंद करण्याचे काम अद्याप संपलेले नाही. सड्यावर सावली पाडणारे प्रत्येक झाड, ते कितीही सद्भावनेने लावलेले असो, ड्रॉसेरा आणि गेंदाच्या (एरिओकॉलॉन) फुलांना उन्हापासून तोडते, आणि पाचोळ्याने त्या जमिनीत नेमके तेच पोषण घालते ज्याच्या अभावामुळे ही फुले तेथे टिकली.

खाणींच्या बाबतीत ऑन्टॅरिओतील एक निरीक्षण यादवाड-लोकापूरच्या चुनखडीच्या पट्ट्यालाही लागू करून पाहण्यासारखे आहे. चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणींचा तळ सपाट, उघडा आणि मातीविना असतो, म्हणजे रचनेने तो अल्वारसारखाच असतो. तेथील संशोधकांना अशा काही जुन्या, तशाच सोडून दिलेल्या खाणींच्या तळावर अल्वारच्या बऱ्याच जाती आपसूक आलेल्या आढळल्या. खाण बंद करताना सर्वत्र जी पद्धत रूढ आहे, म्हणजे तळावर जाड माती पसरायची आणि दाट वृक्षारोपण करायचे, ती पद्धत या जातींचा रस्ता बंद करते. अर्थात प्रत्येक खाण अशी सोडता येत नाही. धूळ, पाण्याची पातळी, गुरांची सुरक्षितता, शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरी, असे अनेक हिशेब असतात, आणि जेथे मूळ सडाच शाबूत आहे तेथे खाण काढून मग नवा सडा घडवणे हा तोट्याचा सौदा ठरेल. पण ज्या खाणी आधीच झालेल्या आहेत त्यांचा काही भाग उथळ, उघडा आणि मातीविना ठेवून काही पावसाळे नुसते पाहत राहणे, बिया लगतच्या माळावरून येतात का हे नोंदवणे, आणि मगच रोपांच्या खड्ड्यांचा विचार करणे, यासाठी विशेष खर्च लागत नाही.